ग्रीन कार्ड मिळेलही, पण दवाखान्याचं बिल?

जुळे सोलापुरातल्या एका ६७ वर्षांच्या ताईंचं पत्र आलं आहे. यजमान ७१ वर्षांचे, सहकारी बँकेतून निवृत्त. घर ठेवींच्या व्याजावर चालतं. यजमानांची चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, शुगर त्याहून जुनी. ताईंचे गुडघे धरतात. एकुलता एक मुलगा अमेरिकेत डॅलसजवळ राहतो. तो गेल्या वर्षी तिथला नागरिक झाला. सूनही नोकरी करते आणि उन्हाळ्यात घरी दुसरं बाळ यायचं आहे. मुलगा म्हणतो, "आता कायमचेच या, ग्रीन कार्ड करून घेतो." यजमानांचं म्हणणं, तिकडे पासष्टीनंतर सरकारच विमा देतं, आपल्या पोराच्या पगारातून त्याचे पैसे दर महिन्याला कापून घेतातच. शेजारणीची बहीण कॅलिफोर्नियात असते, तिला म्हणे सगळं फुकट मिळतं. तेव्हा १४ वर्षं चालवलेली इथली आरोग्य पॉलिसी पुढच्या महिन्यात सोडून द्यायची आणि फ्लॅटलाही गिऱ्हाईक बघायचं, असं घरात ठरत आलं आहे. ताई विचारतात, "पॉलिसी सोडावी का? आणि खरं सांगायचं तर मला कायमचं जायचं नाही. हे बोलले तर मी स्वार्थी ठरेन का?"

ताई, पॉलिसीला पुढच्या महिन्याची मुदत आहे, म्हणून आधी तिचं सांगते. सोडू नका. हप्ता भरा.

चौदा वर्षं जुनी पॉलिसी तुमच्या वयाला पुन्हा मिळत नाही. नवीन घ्यायला गेलात तर यजमानांच्या हृदयाच्या आणि शुगरच्या खर्चासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात, मुळात प्रस्तावच नाकारूही शकतात. जुन्या पॉलिसीत हा प्रतीक्षाकाळ तुम्ही केव्हाच पार केला आहे. शिवाय सलग पाच वर्षं झाली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, 'तुम्ही अमुक आजार लपवला होता' म्हणून कंपनीला दावा फेटाळता येत नाही. हप्ता परवडत नाही म्हणत असाल तर दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला. आणि २०२५ च्या सुरुवातीपासून साठीपुढच्या ग्राहकांचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला विमा नियामकाला आधी विचारावं लागतं.

आता तुमच्या यजमानांचं म्हणणं. मला ते खुळं वाटत नाही. आपल्याकडे हिंजवडीत पोरगं नोकरीला लागलं की कंपनीच्या विम्यात आईवडिलांची नावं घालतं, हे सोलापुरात घरोघरी पाहिलेलं आहे. मग अमेरिकेतल्या कंपनीत का नाही होणार, असं वाटणं साहजिक आहे. पण तिथल्या कंपनीच्या विम्यात साधारणपणे बायको आणि मुलं येतात, आईवडील येत नाहीत. मुलाला स्पष्ट विचारा: "तुझ्या कंपनीच्या विम्यात आम्ही बसतो का?" बहुधा नाही म्हणेल.

राहिला सरकारी विमा. मुलाच्या पगारातून कापले जातात ते मेडिकेअरचे पैसे. ते खरंच कापले जातात, पण त्यातून त्याचा आणि त्याच्या बायकोचा हक्क तयार होतो, आईवडिलांचा नाही. पासष्टीनंतर मेडिकेअरचा रुग्णालयाचा भाग बिनहप्त्याचा मिळायचा तर स्वतः किंवा नवराबायकोपैकी एकाने अमेरिकेत सुमारे दहा वर्षं कर भरून काम केलेलं असावं लागतं. त्याला तिकडे चाळीस तिमाह्या म्हणतात. यजमानांनी बँकेत काढलेली सगळी वर्षं त्यात धरली जात नाहीत, कारण सामाजिक सुरक्षेच्या बाबतीत भारत आणि अमेरिका यांच्यात तसा करारच नाही. काही घरांतले साठीतले आईवडील तिथे दुकानात वगैरे थोडं काम करून या तिमाह्या भरतात. २०२६ च्या हिशोबाने वर्षाला ७,५६० डॉलर मिळवले की चार तिमाह्या जमा होतात. पण एकाहत्तराव्या वर्षी, छातीत स्टेंट असताना, दहा वर्षांच्या नोकरीला सुरुवात करा असं मी कुणाला सुचवणार नाही.

मग वाट उरते विकतच्या मेडिकेअरची. त्यासाठी ग्रीन कार्ड घेऊन अमेरिकेत सलग पाच वर्षं राहिलेलं असावं लागतं. म्हणजे उद्या विमानात बसलात तरी यजमान शहात्तर आणि तुम्ही बहात्तर वर्षांच्या व्हाल तेव्हा. त्यातही तिमाह्या नसलेल्यांना २०२६ चा हप्ता असा: रुग्णालयाच्या भागाचा महिन्याला ५६५ डॉलर, डॉक्टर आणि तपासण्यांच्या भागाचा २०२.९० डॉलर. दोघांचे दोन्ही भाग घेतले तर महिन्याला दीड हजार डॉलरच्या वर, म्हणजे सव्वा लाख रुपयांहून जास्त. नुसता डॉक्टरांचा भागही घेता येतो, तो बराच स्वस्त पडतो. पण माणूस भरती झाला की खर्च पहिल्या भागातला. शिवाय दात, चष्मा, घरी ठेवलेली आया यांतलं मेडिकेअर जवळपास काहीच देत नाही. आणि सुट्टीला सोलापुरात आल्यावर काही झालं तर इथे ते चालत नाही.

सगळा पेच त्या पाच वर्षांचा आहे, ताई. ग्रीन कार्ड म्हणजे तिथे राहण्याची परवानगी. तिच्याबरोबर विमा येत नाही. आणि तुमच्या घरात विम्याची सगळ्यात जास्त गरज याच पाच वर्षांत पडणार आहे.

शेजारणीच्या बहिणीचंही खरं असू शकतं. ती म्हणते ते बहुधा मेडिकेड. मेडिकेअर वयामुळे मिळतं, मेडिकेड कमी उत्पन्नामुळे. १९९६ च्या एका कायद्याने ग्रीन कार्डवर नव्याने आलेल्या बहुतेक प्रौढांना केंद्राच्या पैशातलं मेडिकेड पहिली पाच वर्षं बंद केलं. पण मेडिकेड राज्यंही चालवतात आणि काही राज्यं स्वतःच्या तिजोरीतून ही पाच वर्षं भरून काढतात. कॅलिफोर्निया त्यातलं एक. टेक्सास नाही. ओबामांच्या काळात मेडिकेडची व्याप्ती वाढवायची मुभा आली तेव्हाही टेक्सासने ती घेतली नाही. म्हणून अमेरिकेतल्या विम्याबद्दल कुणी छातीठोकपणे काही सांगितलं की आधी विचारायचं, कुठल्या राज्यात आणि कुठल्या साली? आपल्या गप्पांत सगळी अमेरिका एकाच गल्लीत असते.

तुमचा मुलगा हुशार आहे, तो म्हणेल, "बाबा, मार्केटप्लेसवरून विमा घेऊ." त्याचं बरोबर आहे. हा सरकारी बाजार ग्रीन कार्डवाल्यांना खुला आहे, पासष्टीच्या पुढच्यांनाही, जर बिनहप्त्याचं मेडिकेअर मिळत नसेल तर. आधीच्या आजारावरून तिथे कुणाला नाकारता येत नाही, ही त्यातली खरी चांगली बाजू. तिथे उतरल्यापासून साठ दिवसांत अर्ज करायचा, नाहीतर वार्षिक नोंदणीची वाट बघावी लागते. अडचण पैशाची. तुमच्या वयाला अनुदानाशिवाय माणशी महिन्याला हजार डॉलर सहज लागू शकतात, आणि वर्षाच्या सुरुवातीचा काही हजार डॉलरचा खर्च विमा चालू व्हायच्या आधी खिशातून जातो.

अनुदानाचं गणित तर आता उलटं फिरलं आहे. पूर्वी मेडिकेडच्या त्या पाच वर्षांत अडकलेल्या गरीब स्थलांतरितांना या बाजारात हप्त्यासाठी सरकारी अनुदान मिळायचं, उत्पन्न कितीही कमी असलं तरी. बऱ्याच भारतीय आईवडिलांचं याच वाटेने भागलं. पण ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या मोठ्या कायद्याने २०२६ पासून ती वाट बंद केली. आता दोन माणसांच्या घराचं वर्षाचं उत्पन्न निदान २१,१५० डॉलर, म्हणजे अठरा-एकोणीस लाख रुपये असेल तरच अनुदान. ठेवींच्या व्याजावरचं तुमचं घर तिथवर पोचत नाही. मुलाने तुम्हाला स्वतःच्या करपत्रकात अवलंबून दाखवलं तर त्याचं उत्पन्न धरलं जाईल, आणि दोघं कमावते असल्याने ते बहुधा अनुदानाच्या वरच्या मर्यादेपलीकडे जाईल. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या कुणी "आम्हाला स्वस्तात पडलं" असं सांगितलं तर ते खोटं बोलत नाहीत, पण तुमच्या कामाचं नाही.

मुलगा यासाठी एका कागदावर सही करणार आहे, तोही नीट समजून घ्या. प्रायोजक म्हणून तो सरकारला लिहून देतो की यांच्या पोटापाण्याची जबाबदारी माझी. तुम्ही तिथले नागरिक होईपर्यंत, किंवा चाळीस तिमाह्या भरेपर्यंत, किंवा ग्रीन कार्ड सोडून कायमचे परत येईपर्यंत, किंवा माणूस जाईपर्यंत ती त्याच्यावर राहते. तुम्ही गरिबांसाठीची काही सरकारी मदत घेतलीत तर सरकार तो खर्च त्याच्याकडे मागू शकतं. आणि मुलाखत मुंबईला बीकेसीत होईल तेव्हा वय आणि आजार हेही बघितलं जातं. नोव्हेंबर २०२५ मध्ये व्हिसा अधिकाऱ्यांना मधुमेह, हृदयविकार यांच्या संभाव्य खर्चाकडे जास्त लक्ष द्यायला सांगितल्याच्या बातम्या आल्या होत्या. सगळे कागद करून नकार मिळू शकतो, हे फ्लॅट विकायच्या आधी माहीत असावं.

तुम्ही पत्रात एक वाक्य जाताजाता लिहिलंय, "सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे असं जमलं तर बरं." मला वाटतं तुमच्या मनातलं खरं तेच आहे. आणि नेमकं त्यालाच ग्रीन कार्ड सोयीचं नाही. ग्रीन कार्ड घेतलं म्हणजे तुम्ही तिथले रहिवासी. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर विमानतळावर प्रश्न येतात. वर्षाहून जास्त राहिलात तर कार्डच धोक्यात. आईच्या आजारपणासाठी, भावाच्या घरच्या लग्नासाठी थांबणं वाढेल असं दिसलं तर तिथून निघण्याआधीच परतीच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. आणि मेडिकेअरला लागणारी सलग पाच वर्षंही या जाण्यायेण्यात अडखळतात.

येऊन-जाऊन राहणाऱ्यांसाठी पर्यटक व्हिसा आहे. भारतीयांना तो बहुतेक वेळा दहा वर्षांचा मिळतो, एका खेपेला साधारण सहा महिन्यांपर्यंत राहता येतं. बाळंतपणाला एवढं पुरतं. विमा प्रवासाचा घ्यायचा, पण त्यातली मेख ओळखून. जुन्या आजाराचा खर्च तो एरवी देत नाही. काही योजना 'जुना आजार अचानक उफाळला' तर देतात, पण सत्तरीपुढे ती रक्कम खूप कमी करतात. तेव्हा योजनेच्या कागदात यजमानांच्या वयापुढे हृदयासाठी किती डॉलर लिहिलेत ते मुलाला वाचून दाखवायला सांगा. स्वस्त म्हणून ठरावीक रकमेची योजना घेऊ नका. ती एका दिवसाचे अमुक डॉलर एवढंच देते, उरलेलं बिल तुमचं. निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून तब्येत तपासून घ्या, अँजिओग्राफीची सीडी, डिस्चार्ज कार्ड आणि पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या चिठ्ठीसकट जवळ ठेवा. तरीही छातीत दुखलं तर विम्याचा विचार करत घरी बसू नका. १९८६ पासून तिथल्या रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागाला कुणालाही तपासून स्थिर करणं बंधनकारक आहे, पैसे असोत नसोत, कुठल्याही व्हिसावर असोत. बिल मागाहून येतं, आणि मोठं येतं, पण ते तेव्हाचं तेव्हा.

एक सावधगिरी. मुलाने ग्रीन कार्डचा अर्ज एकदा टाकला की पर्यटक व्हिसा मिळणं अवघड होतं, कारण तुमचा इरादा कायमचं राहायचा आहे असं धरलं जातं. आणि 'पर्यटक म्हणून जाऊ, तिथे गेल्यावर कार्ड करून घेऊ' असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. आत शिरताना खोटं सांगितल्यासारखं होतं आणि ते पुढे नडतं. म्हणून मुलाला एवढंच सांगा, अर्ज अजून टाकू नकोस.

"आत्ता नाही केलं तर संधी जाईल" असं यजमान म्हणतील. नागरिक झालेल्या, २१ वर्षांवरच्या मुलाच्या आईवडिलांना वार्षिक कोटा नाही. वर्षानुवर्षं थांबावं लागतं ते भावंडांना. तेव्हा आज न केलेला अर्ज तीन वर्षांनी करता येतो. मात्र यजमानांच्या बाजूचा एक मुद्दा मी लपवणार नाही: कधीतरी कायमचं जायचंच असेल तर लवकर गेलेलं बरं, कारण पाच वर्षांची मोजणी तिथे राहायला लागल्यावरच सुरू होते. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकटं उरल्यावर जाणाऱ्याला त्र्याऐंशीपर्यंत थांबावं लागतं. तुमच्यापैकी एकजण मागे राहिला तर तो कुठे राहील, हे दोघांनी आजच बोलायला हवं. विषय अवघड आहे, पण पॉलिसीच्या आकड्यांहून जास्त या उत्तरावर अवलंबून आहे. जायचंच ठरलं तर पाच वर्षांच्या विम्याचे पैसे बाजूला काढूनच निघा, आणि फ्लॅट भाड्याने द्या, विकू नका.

आता स्वार्थाचं. मुलाने "कायमचे या" म्हटलं त्यात दोन काळज्या एकत्र आहेत असं मला वाटतं: बाळाला कोण सांभाळणार आणि बाबांना रात्री काही झालं तर कोण नेणार. दोन्ही खऱ्या आहेत, पण दोन्हींचा उपाय एकच असायला हवा असं कुठे आहे? पहिलीसाठी तुम्ही सहा महिने जाऊ शकता, आनंदाने. दुसरीसाठी इथली व्यवस्था लावता येते, आणि ती लावलेली मुलाला दिसली की त्याचा जीव निम्मा खाली पडेल. तेव्हा त्याला "मला यायचं नाही" असं सांगू नका, कारण ते पुरतं खरंही नाही. "मला बाळासाठी यायचंय, राहायला नाही" असं सांगा. आणि बोलताना यजमानांना शेजारी बसवा. नाहीतर तुमचं म्हणणं त्यांच्या तोंडून त्याच्याकडे जाईल आणि वाटेत बदलेल. डॅलसच्या उपनगरात गाडी चालवता येत नसेल तर भाजी आणायलाही कुणाची तरी वाट बघावी लागते. इथे तुम्ही सातरस्त्यापर्यंत रिक्षाने एकट्या जाता, शेजारणीशी कानडीत भांडता, गड्ड्याच्या यात्रेला घर पाहुण्यांनी भरतं. हे सोडवत नाही म्हणण्यात मला स्वार्थ दिसत नाही.

इथल्या व्यवस्थेत तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त आहे. ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे भरती होऊन घ्यायचे उपचार. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. यजमान ७१ चे आहेत, म्हणजे वर्षभर हे त्यांच्या हक्काचं पडून आहे. तुमच्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना. ती राजीव गांधी जीवनदायी नावाने २०१२ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत सोलापूर होतं, पण तेव्हा पांढऱ्या रेशनकार्डाला जागा नव्हती. आता सगळ्या कार्डांना आहे, आणि रक्कम कुटुंबाला पाच लाखांपर्यंत. दोन्ही योजना यादीतल्या रुग्णालयांत आणि ठरलेल्या उपचारांनाच लागू होतात, रोजच्या गोळ्यांना नाही. गर्दी, कागदं, 'बेड नाही' हेही होतं, म्हणून तर खासगी पॉलिसी सोडू नका म्हटलं. आणि हे सगळं इथे राहणाऱ्यांसाठी आहे. तिकडे घर करून अधूनमधून येऊन हे वापरू, असा हिशोब धरू नका.

हे वाचणाऱ्या इतर आईवडिलांसाठी थोडक्यात: मूल अजून कामाच्या व्हिसावर किंवा नुसत्या ग्रीन कार्डवर असेल तर त्याला आईवडिलांचं ग्रीन कार्ड करताच येत नाही. एजंटाला आगाऊ पैसे देऊ नका. तुम्ही साठीच्या आत, धडधाकट, आणि तिथे काम करायला तयार असाल तर वरचं बरंच गणित बदलतं. मूल कॅलिफोर्नियासारख्या राज्यात असेल तर तिथल्या राज्याचे नियम स्वतंत्रपणे, त्याच वर्षीचे, बघून घ्या. कागदावर सही करण्याआधी तिथल्या इमिग्रेशन वकिलाची एक भेट मुलाने घ्यावी. त्याची फी विम्याच्या एका महिन्याच्या हप्त्याएवढीही नसेल.

ताई, या आठवड्यात हप्ता भरा. मग यजमानांचं आधार कार्ड आणि त्याला जोडलेला मोबाइल घेऊन सिव्हिलला जा, योजनेच्या मदतीला तिथे बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा, वय वंदना कार्ड काढून घ्या. सकाळी लवकर जा, दहानंतर रांग वाढते. येताना शहरातल्या कुठल्या रुग्णालयांत या योजनांखाली हृदयाचे उपचार होतात ती यादी मागून घ्या, आणि तिचा फोटो मुलाला पाठवा.